वचनाचा पत्ता

आमच्या दाराशेजारी, ओट्याच्या वर, भिंतीला एक काळा फळा ठोकलेला होता. फळा म्हणजे खरं तर एका कापडदुकानाची टाकून दिलेली पत्र्याची पाटी. बाबांनी ती घरी आणून तिच्यावर काळ्या रंगाचे दोन हात मारले होते. तरी सकाळचं ऊन तिरपं पडलं की त्या काळ्याखालून जुनी अक्षरं फुगून वर यायची आणि आमच्या पवित्र शास्त्रातल्या वचनाच्या मागे 'सुटिंग-शर्टिंग' असं पुसट वाचता यायचं. बाबा पेंटर होते. जुन्या जालन्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. त्यांच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास यायचा, आणि तो मला इतका आवडायचा की पुढे नर्सिंगला गेल्यावर स्पिरिटची बाटली उघडली की आधी बाबाच आठवायचे.

रोज सकाळी सहा वाजता बाबा त्या फळ्यावर एक वचन लिहीत. त्याआधी घरची प्रार्थना व्हायची. चुलीवर पाणी ठेवून आई पदर डोक्यावर घ्यायची, बाबा शास्त्र वाचायचे, मग एक गीत. आईचा आवाज मोठा होता आणि सुराशी त्याचं फारसं जमत नव्हतं, पण तिला कोणी थांबवत नसे. गीत संपायच्या आतच पलीकडच्या गल्लीतल्या मशिदीतून कोणी तरी भोंग्यात खाकरायचं, कुठल्या तरी घरी रेडिओ लागायचा, आणि आई 'आमेन' म्हणता म्हणता भाकरीचं पीठ परातीत ओतायची. शेंगदाण्याची चटणी आणि गरम भाकरी खाऊन ती दवाखान्यात आयाच्या ड्यूटीवर निघून जाई. मग बाबा खडू घेऊन बाहेर येत.

फळ्याचे नियम होते. पहिला, शास्त्राबाहेरचं एक अक्षरही त्यावर येणार नाही. एकदा गल्लीतल्या पुढाऱ्यांनी सभेची सूचना लिहायला सांगितली होती, तर बाबांनी त्यांना चहा पाजला आणि तेवढ्यावर वाटेला लावलं. दुसरा, आजचं वचन उद्याच्या पहाटेपर्यंत पुसायचं नाही. आणि तिसरा, वचनाखाली कुठलं पुस्तक, कितवा अध्याय, कितवी ओवी, ते लिहिलंच पाहिजे. बाबा त्याला 'पत्ता' म्हणत. "बिनपत्त्याचं वचन म्हंजे कुनाचं बी बोलनं," ते म्हणायचे. "वाचणाऱ्याला घर सापडलं पाहिजे."

मस्तगडाच्या मागच्या त्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. त्यामुळे फळा आम्ही लिहायचो आणि गल्ली तो आमच्यावर तपासायची. रागाबद्दलचं वचन असलं आणि संध्याकाळी बाबांनी आमटीतल्या मिठावरून आवाज चढवला, की भिंतीपलीकडून हमखास विचारणा व्हायची, "पेंटर, सकाळी काय लिव्हलं व्हतं?" खरं बोलण्याचं वचन असेल त्या दिवशी घरात साखर नाही असं सांगायची सोय उरायची नाही. आई तर कधी कधी आदल्या दिवशीच बाबांना गळ घालायची, "उद्या जरा सोपं लिहा हो. मला नळावर थोडं भांडायचंय." बाबा हसायचे आणि नेमकं अवघड लिहायचे. ख्रिस्ती म्हणून जगणं म्हणजे काय, हे मला रविवारच्या उपदेशापेक्षा त्या पत्र्यानं जास्त शिकवलं, असं आज मागे वळून बघताना वाटतं. आपण लिहितो ते लोक वाचतात, आणि वाचून झाल्यावर आपल्याकडे बघतात.

फळ्याची सगळ्यात इमानी वाचक वाचू न शकणारी होती. काशीकाकू. समोरच्या घरात राहायच्या. मूळच्या तीर्थपुरीच्या, चांगल्या पंधरा-वीस एकरांच्या घरातल्या. मुलगा मोंढ्यातल्या धान्याच्या आडतीवर कामाला लागला म्हणून जालन्यात आलेल्या. कपाळभर कुंकू, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि आवाज असा की तीर्थपुरीतल्या शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जावा. तुळशीला पाणी घातलं की तांब्या हातात तसाच घेऊन त्या रस्ता ओलांडायच्या, आमच्या ओट्यावर टेकायच्या आणि विचारायच्या, "आज काय म्हनतो तुमचा देव?"

बाबा वाचून दाखवायचे. काकू मान हलवायच्या, कधी पटायचं, कधी नाही. शेवटी विचारायच्या, "पत्ता?" बाबा पत्ताही सांगायचे. त्यातलं त्यांना काही कळायचं नाही, पण पत्ता ऐकल्याशिवाय त्या उठत नसत. इतकी वर्षं त्या ओट्यावर बसल्या, पण उंबरा कधी ओलांडला नाही. आमच्या घरचा चहाही घेतला नाही. "आत्ताच झाला गं," म्हणायच्या. का, ते त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. आमच्या आजोबांच्या गावात आमचं घर कुठल्या बाजूला होतं, ते न विचारताच कळायचं त्या काळात. आई तरी रोज विचारायची आणि काकू रोज तेच सांगायच्या.

मी नववीत असताना बाबा शिडीवरून पडले. कापडबाजारातल्या एका दुकानाची पाटी रंगवताना शिडीचा पाय नालीच्या फरशीवरून सरकला. उजवा हात मोडला. प्लास्टर घालून रिक्षातून घरी आणलं, खाटेवर निजवलं, आई रडत होती, आणि माझ्याकडे बघून बाबांचं पहिलं वाक्य होतं, "मार्थे, उद्याचा फळा?"

तर फळा माझ्याकडे आला. पहिले काही दिवस बाबाच खाटेवरून वचन सांगायचे आणि मी लिहायची. पुढे ते म्हणाले, आता तूच निवड. त्या शब्दानं मी जी फुगले ती फुगलेच. अक्षर माझं बाबांचंच होतं, गोलसर, शिरोरेषा रूळ ठेवल्यासारखी. येणारेजाणारे थांबून बघायचे. मी मुद्दाम खडू झटकत उभी राहायची. आता लाज वाटते सांगायला, पण वचनापेक्षा वळणावर माझा जीव जास्त होता.

नळाला तेव्हा पाणी रोज तासभरच यायचं. गल्लीच्या तोंडाशी एकच सार्वजनिक नळ, आणि त्याच्यापुढे घागरींची ही लांब रांग. बाबा पडल्यापासून पाणी भरायचं काम माझ्या एकटीवर आलं होतं. त्या दिवशी मी रांगेत मागे होते. पुढे बायका बोलत होत्या. बाबांच्या हाताचा विषय निघाला. आणि काशीकाकूंचा आवाज आला, नेहमीसारखाच, दोन बांधांपलीकडे जाणारा: "रोज देवाचं लिव्हतो बिचारा, अन् त्या देवाला शिडी धराय जमली न्हाई!"

बायका हसल्या. फार वाईट हसल्या असं नाही, पण हसल्या. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मी घागर अर्धीच भरून घरी आले, कोणाला काही बोलले नाही, आणि संध्याकाळभर शास्त्र चाळत बसले. आईला वाटलं, पोरीला भक्ती लागली.

मला हवं ते शास्त्रातल्या याकोबाच्या पत्रात सापडलं. जीभ एवढीशी असते, पण तिची ठिणगी अख्खं रान पेटवते, अशा अर्थाचं. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी आई ड्यूटीला गेल्यावर मी ते फळ्यावर उतरवलं. इतकं सुंदर मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. आणि 'जीभ' हा शब्द पांढऱ्या खडूनं न लिहिता लाल खडूनं लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. नळावर आदल्या दिवशी कोण काय बोललं ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कोणासाठी लिहिलंय ते सांगावं लागणार नव्हतं. मी खडू झटकला आणि वाट बघत उभी राहिले. कोणी तरी वाचेल, मग दुसरं वाचेल, आणि काकूंना आपला चेहरा लपवायला जागा उरणार नाही. हा माझा त्या सकाळचा ख्रिस्ती विचार.

काकू आल्या. हातात तांब्या नव्हता, पितळी डबा होता. ओट्यावर बसल्या, डबा माझ्याकडे सरकवला. "डिंकाचे लाडू हायेत. पेंटरला दे. हाड जुळाय चांगले असत्यात." मग आवाज खाली आणून, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंतच ऐकू जाईल इतका, म्हणाल्या, "काल मी नळावर वंगाळ बोलले गं. तोंडातून निघून गेलं. तवापासून जेवन गोड लागंना. तू व्हतीस ना तिथं?"

मी मान हलवली.

"मला वाटलंच." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "बरं, वाच. आज काय म्हनतो तुमचा देव?"

माझ्या हातात त्यांचा डबा, डोक्यावर माझा फळा. वाचायला तोंड उघडलं, आणि समोर त्यांच्या दारात ओळीनं मांडलेल्या रिकाम्या घागरी दिसल्या. त्या दिवशी अकराला पाणी यायचं होतं. मी वाचलं, "शेजाऱ्याची घागर जड झाली, तर तिला आपला हात लावा."

"असं लिव्हलंय?"

"हो काकू."

काकू उठून फळ्याजवळ गेल्या. त्यांनी लाल अक्षरांवर बोट ठेवलं. "मंग ह्ये लाल हाये, ते घागर का?"

"हो काकू."

"पत्ता?"

मी म्हटलं, पत्ता लिहायचा राहिलाय. पत्ता त्यांच्या बोटाखाली वीतभर अंतरावर लिहिलेला होता.

"ब्येस हाये," काकू म्हणाल्या. "येवढं सरळ तुमच्या देवानं पहिल्यांदाच सांगितलं." आणि गेल्या.

अकराला नळ आला तेव्हा मी घागर घेऊन निघाले तर दारातच काकू. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. "सरक," म्हणाल्या. आणि उंबरा ओलांडून सरळ आत आल्या, चुलीमागच्या आमच्या रांजणात दोन्ही घागरी ओतल्या, आणि हातानं रांजणाचं झाकण नीट बसवून बाहेर गेल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. बाबा खाटेवर उठून बसले. "काशीबाई होत्या का त्या?" त्यांनी विचारलं. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

मला एकच सुचत होतं. ओलं फडकं घेतलं आणि फळ्याकडे निघाले. काकूंची सून सुनीता दहावीपर्यंत शिकलेली होती. ती आत्ता धुणं वाळत घालायला बाहेर येईल, वाचेल, आणि सगळं संपेल. पण खिडकीतून बाबांचा आवाज आला. "मार्थे, फडकं कशाला? वचन उद्या पुसायचं." मी तिथंच थांबले. आतून काकूंचं पाणी रांजणात हलल्याचा आवाज येत होता की काय, मला तसा भास झाला, आणि मी रडायला लागले.

बाबांना सगळं सांगितलं. नळावरचं, शास्त्र चाळल्याचं, लाल खडूचं, घागरीचं. ते ऐकत होते. त्यांना राग आलाय की हसू, ते कळेना. शेवटी म्हणाले, मला बाहेर ने. त्यांना धरून ओट्यावर आणलं. त्यांनी फळा सावकाश वाचला, पाट्या वाचतात तसा, डोकं मागे नेऊन.

"'भ' चांगला आलाय," म्हणाले.

मी आणखी रडले.

"याकोबानं हे पत्र कुनाला लिव्हलं, ठाऊक हाये का? विश्वासणाऱ्यांना. म्हंजे आपल्याला. आपल्या घरच्या पत्त्यावर आलेलं पत्र तू नेऊन समोरच्यांच्या दारात टाकलं." त्यांनी समोरच्या दाराकडे मान वळवली. "अन् त्यांनी काय केलं? जे पत्र कुनी लिव्हलंच न्हाई, ते पाळलं. आता जा, अन् बराबर वाचून दाखव. लिव्हलंय तसं. लाल सुद्धा."

"त्या पुन्हा कधी येणार नाहीत, बाबा."

"न्हाई आल्या तर न्हाई," बाबा म्हणाले. "पन खोटं वाचून आलेलं पाणी पिऊ नगं."

तेवढ्यात काकू पुन्हा घागरी घेऊन आल्या, ओतून गेल्या, आमच्याकडे बघितलंही नाही. नंतर आणखी एक खेप. नळ गेला. आई दोन वाजता ड्यूटीवरून आली, फळा वाचून चकित झाली, रांजण बघून त्याहून चकित झाली, आणि तिला सगळं सांगायचं काम बाबांनी केलं. मी जाणार जाणार म्हणत उन्हं उतरेपर्यंत घरातच घुटमळले. आईनंच शेवटी डबा धुऊन, त्यात चार करंज्या घालून माझ्या हातात दिला. "रिकामा डबा नेऊ नये," एवढंच म्हणाली.

काकू अंगणात सुपात ज्वारी निवडत होत्या. मी डबा ठेवला, उभ्या उभ्याच फळ्यावरचं सगळं म्हणून दाखवलं, शब्द न् शब्द, आणि लाल काय होतं तेही सांगितलं. काकूंचे हात सुपात चालतच होते. माझं बोलणं संपलं तरी त्यांनी दोन-तीन खडे वेचून टाकले.

"दुपारीच कळलं मला," त्या म्हणाल्या. "पहिल्या खेपेनंतर मी सुनीताला सांगाय गेले, बघ, ते लाल हाये ना, ते घागर. तर ती म्हनली, आत्याबाई, ते जीभ हाये."

"मग नंतरच्या दोन खेपा?"

"त्या जिभेच्या." काकूंनी सूप खाली ठेवलं. "जीभ येवढी चालली, तर पायांनी बी चालाय पाहिजे की न्हाई? अन् तुला राग आला तो बराबर आला. माझ्या बापाला कुनी तसं बोललं असतं, तर मी फळ्यावर लिव्हत बसले नसते, झिंज्या धरल्या असत्या."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. काकूही हसायला लागल्या, सूप हलून ज्वारी सांडली तरी थांबेनात. "माझीच चहाडी लिव्हलेली, अन् मी तिच्यावर बोट ठिवून घागर, घागर म्हनतेय! सगळी गल्ली बघून राह्यली, अन् मी आपली घागर!" मग डोळे पुसत म्हणाल्या, "एक काम कर. मला वाचाय शिकीव. पुन्हा कुनी मला असं बनवाय नगं. तू बी न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की शिकवणी सुरू झाली. ओट्यावर नको, लोक बघतात, असं काकूच म्हणाल्या. म्हणून आत, चुलीजवळ, पोत्यावर. तिसऱ्या दिवशी आईनं सवयीनं विचारलं, चहा घेता का, आणि उत्तराची वाट न बघता भाकरीकडे वळली. "घेते की," काकू म्हणाल्या. आईच्या हातातली भाकरी परातीत पडली. घरातले बरे कप कुठले, कान तुटलेला कुठला, या गडबडीत आई अशी काही धावली की काकूंनीच तिला थांबवलं. "कप नगं. बशीत वत. मला फुंकून प्याची सवय हाये." भुरका मारलेला तो आवाज मला अजून ऐकू येतो. आईनं त्या रात्रीच्या प्रार्थनेत चहाबद्दल देवाचे आभार मानले, आणि बाबांनी मोठ्यानं आमेन म्हटलं.

आता सकाळी माझ्या मोबाइलवर वचनं येतात, गुलाबाच्या चित्रासकट, आठ-दहा गटांतून. मीही पुढे पाठवते. पण पाठवताना अंगठा अजूनही जरा थबकतो. हे मी कोणाला उद्देशून पाठवतेय? कधी कधी उत्तर चांगलं येत नाही, मग ते मी माझ्यापुरतंच ठेवते. काशीकाकू त्यांच्या देवाच्याच राहिल्या, तुळशीला पाणी घालत, आम्ही आमच्या. तसं काही व्हावं असं बाबांनी कधी सुचवलंही नाही. पण काकूंच्या पहिल्या पुस्तकाचं विचाराल तर ते आमचं शास्त्रच, कारण माझी शाळेची पुस्तकं सोडली तर घरात दुसरं पुस्तक नव्हतं. याकोबाचं पत्र त्यांनी बोट ठेवून ठेवून चार महिन्यांत संपवलं आणि म्हणाल्या, "हा मानूस आमच्या तीर्थपुरीकडचा वाटतो. लई तोंडावर बोलतो."

बाबांचा हात जुळला, फळा पुन्हा त्यांच्याकडे गेला. बारावी झाल्यावर मला दूरच्या गावी नर्सिंगला जागा मिळाली. निघायच्या सकाळी प्रार्थना झाली, आईचं गीत नेहमीपेक्षा आणखी बेसूर झालं, आणि पत्र्याची ट्रंक उचलून बाबा माझ्यापुढे बाहेर पडले. दारातच थांबले. फळा आधीच कोणी तरी लिहिलेला होता. अक्षरं वेडीवाकडी, शिरोरेषा कुठे आहे, कुठे नाही, ओळ उतरत उतरत कोपऱ्यात गेलेली: शेजाऱ्याची घागर जड झाली, तर तिला आपला हात लावा. 'घागर' लाल खडूनं. खाली दोन रेघा.

समोरच्या दारात काशीकाकू तांब्या घेऊन उभ्या होत्या. तोंडातून शब्द काढत नव्हत्या, आणि मी त्यांना अशा गप्प पहिल्यांदाच बघत होते. बाबांनी ट्रंक खाली ठेवली. खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. शास्त्राबाहेरचं एक अक्षर त्यांनी त्या फळ्यावर कधी राहू दिलं नव्हतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि काकूंना सगळ्यात जास्त. बाबांनी फडक्यानं हात पुसले, ते परत खांद्यावर टाकलं, खिशातून खडू काढला, आणि ओळीखाली, जिथे पत्ता लिहायचा असतो तिथे, आपल्या सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं: काशीबाई १:१.